पेंढारकर बाई आणि शनिवारचा कुत्रा

मला कुत्री आवडत नाहीत. पूर्वीही आवडत नव्हती. आमच्या कराडकडच्या घरी कुत्रं दाराबाहेर असायचं, त्याला भाकरीचा तुकडा टाकला की झालं. तेव्हा पेंढारकर बाईंविषयी लिहायला बसले आहे ती कुत्र्यामांजरांच्या मायेने नव्हे. राग आला म्हणून बसले आहे. परवा दूध आणायला गेले होते, तर आमच्या कॉलनीतले खंडेलवालजी कुणा नव्या भाडेकरूला सांगत होते, "यहाँ सामने एक मराठी मैडम रहती थीं. दिमाग थोड़ा खिसका हुआ था." आणि मग माझ्याकडे वळून, "राम राम माँजी." मी राम राम केला नाही. एका लूत लागलेल्या कुत्र्यापायी त्या बाईला राहतं घर सोडावं लागलं, आणि ज्याने सोडायला लावलं तो सकाळी हसून राम राम करतो. माझी चौथी झालेली आहे. एवढं लिहिण्यापुरती चौथी पुरते.

माझा मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत. बदलीवर जयपूरला आला आणि वैशाली नगरात घर घेऊन बसला, त्याच्याबरोबर मी. समोरच्या घरात खालच्या मजल्यावर पेंढारकर बाई भाड्याने राहायच्या. मूळच्या सांगलीच्या, विमा कंपनीत अधिकारी होत्या. निवृत्त झाल्यावरही इथेच राहिल्या. का राहिलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सांगलीला भाऊ आहे. त्याला माझं तोंड आवडत नाही आणि मला त्याचं."

लग्न केलेलं नव्हतं. उंच, हाडकुळ्या. केस स्वतःच कात्रीने कापायच्या, त्यामुळे एक बाजू कायम लांब. सलवार-कमीजवर पुरुषी शर्ट घालायच्या, कारण शर्टाला खिसे असतात. एका खिशात उवा काढायची फणी, दुसऱ्यात चिमटा आणि झाकणाची बाटली. बाटलीत साबणाचं पाणी.

पहिल्यांदा आमच्या दारात आल्या त्या जुनी सुती साडी मागायला.

"कशाला?" मी विचारलं.

"कुत्रं पुसायला."

"माझ्या फरशीला लागते."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या. तोंड वाकडं नाही, मुक्या जिवांची दया वगैरे काही नाही. मला बाई पटली. पुढच्या वेळी मी साडी स्वतःच नेऊन दिली. त्यांनी उलटी-पालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "जरीचा काठ काढून द्या. टोचतो."

अशा होत्या. दुसऱ्याच्या पाळीव प्राण्याला हात लावायला त्यांना परवानगी लागत नसे. मांजर दिसली की मांडीवर पालथी घालायच्या, पाठीवरून फणी फिरवायच्या आणि फणीतली काळी पूड ओल्या कापसावर झटकायच्या. कापूस लाल झाला की मालकिणीच्या नाकासमोर धरायच्या. "धूळ वाटली ना? पिसवांची घाण आहे. तुमच्या मांजरीचं रक्त आहे हे." लोकांना ते बघायचं नसे. नमस्कार-चमत्कार झाल्यावर लोकांना चहा हवा असतो.

दातारांकडच्या गणपतीत तर कहर झाला. दातार बँकेत मोठे साहेब, जयपुरातली सगळी मराठी मंडळी त्यांच्याकडे आरतीला जमायची. त्यांच्या घरी एक झिपरं, पायपुसण्यासारखं कुत्रं होतं, नाव मोदक. आरती चालू होती, मोदक येऊन बाईंच्या पायाशी बसला, आणि बाई टाळ्या वाजवायच्या थांबल्या. त्यांनी त्याचा पंजा उचलला, बोटं फाकवली. मग सोफ्यावर बसून चिमटा काढला. आरती संपून प्रसाद फिरायला लागला तेव्हा समोरच्या टेबलावर पेढ्यांच्या ताटाशेजारी बाईंची बाटली उभी, आणि आत वाटाण्यासारखे फुगलेले गोचीड पोहत होते.

दातार वहिनी पांढऱ्या पडल्या. "अहो, आमचा मोदक एसीत राहतो!"

"गोचिडांनाही एसी आवडतो," बाई म्हणाल्या. "नखाने चिरडू नका. कातडीलगत धरून सरळ ओढायचा आणि बुडवायचा. आणि पडद्यांच्या मागे, सोफ्याच्या शिवणीत बघा. कुत्र्यावर थोडे दिसतात, बाकीचे घरात असतात."

मी पेढा खाल्ला. बाकी कुणी खाल्ला नाही. पुढच्या वर्षी बाईंना बोलावणं आलं नाही. मी सुनेला म्हटलं, "बोलवायला पाहिजे होतं. खरं तेच बोलली ती." सून म्हणाली, "आई, मतलब, सगळ्यांसमोर?" आता कुत्र्याच्या पायात गोचीड सगळ्यांसमोर होते, मग बोलणं काय कोपऱ्यात जाऊन करायचं?

बाईंचं एक वाक्य होतं, ते त्या कुणालाही सुनावायच्या. कुणी म्हटलं, लसणाचं पाणी लावा, कापूर लावा, रॉकेल लावा, आमच्याकडे हेच लावतात, तर बाई मान वर करून म्हणायच्या, "मी माझी मांजर मारली आहे. मला घरगुती उपाय सांगू नका." हिंदी माणसाला हिंदीत. "मैंने अपनी बिल्ली मारी है." लोक दचकायचे. ही बाई काय बोलते, म्हणून एकमेकांकडे बघायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं.

ती काय भानगड होती ते मला नेहामुळे कळलं. नेहा नाशिकची पोर, नवरा-बायको दोघंही संगणकाच्या कंपनीत, राजा पार्कला राहायची. त्यांच्याकडे एक कुत्रा आणि एक मांजर. एकदा बाई आणि मी भाजी घेत होतो तेव्हा नेहाचा फोन आला. बाईंचा फोन मोठ्याने बोलायचा, मलाही ऐकू आलं. "काकू, डॉगीचं गोचिडांचं औषध उरलं होतं, मानेवर टाकायचं असतं ते. माऊला अर्धंच टाकलं. ती थरथरतेय."

बाईंनी भेंडीची पिशवी तिथेच टाकली. मला दंडाला धरून रिक्षात कोंबलं आणि राजा पार्क येईपर्यंत फोनवर ओरडत राहिल्या. "चाटू देऊ नकोस. टॉवेलात गुंडाळ. कोमट पाणी घे, भांडी घासायचा साबण घे, मान धू. परत धू. रडू नंतर. नवऱ्याला गाडी काढायला सांग, दवाखाना उघडा आहे का ते बघ." रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "कोई बच्चा बीमार है क्या बहनजी?" बाई म्हणाल्या, "आगे देख के चला."

मांजर वाचली. दोन दिवस दवाखान्यात होती, पण वाचली. नेहा मिठाई घेऊन बाईंकडे आली, मी तिथेच होते. बाईंनी मिठाई बाजूला ठेवली आणि औषधाचं पाकीट मागितलं.

"हे बघ. चित्र कशाचं काढलंय?"

"मांजर."

"आणि मांजरीवर?"

"फुली." नेहा रडायला लागली. "मला वाटलं, कुत्र्याला चालतं तर मांजरीला थोडं..."

"मलाही तसंच वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "माझ्याही पाकिटावर फुली होती. तू फोन केलास. मी सकाळपर्यंत थांबले." मग त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि एक माझ्या हातात दिला. त्या मांजरीचं नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता काळ्याचं सांगते, ज्याच्यापायी हे सगळं झालं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुलिंब आहे. त्याच्या पारावर काळ्या बसायचा. गल्लीत त्याला कालू म्हणायचे, बाई काळ्या म्हणायच्या. एरवी त्याला कुणी विचारत नसे. फाटकाजवळ आला की हट, गाडीखाली शिरला की हट. पण शनिवारी सकाळी त्याच्यासमोर रांग लागायची. इथे लोक शनीची पीडा टळावी म्हणून काळ्या कुत्र्याला मोहरीचं तेल लावून रोटी घालतात. आपल्याकडेही कुठे कुठे करतात, पण इथे फार. आजूबाजूच्या गल्ल्यांतून माणसं स्कूटरवर यायची, डब्यातून तेल गळणाऱ्या रोट्या काढायची, हात जोडायची. आणि कुत्रा नुसता काळा असून भागत नाही, एक केस पांढरा चालत नाही. खंडेलवालजी नवीन माणसाला कौतुकाने दाखवायचे, "पूरा काला है जी. पंजों तक."

खंडेलवालजी आमच्या कॉलनीच्या विकास समितीचे सचिव. कापडाचं दुकान मुलावर सोपवलेलं, दिवसभर कॉलनी चालवायची. त्यांना साडेसाती चालू होती. दर शनिवारी पहिली रोटी त्यांची.

थंडी सरता सरता काळ्या खाजवायला लागला. आधी कानांच्या कडा, मग कोपरं, मग पोट. केस झडले, कातडी जाड होऊन सुरकुतली, हत्तीची असते तशी. बाई त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि हातमोजा घालून त्याच्या कानाची कड दोन बोटांत चोळली. त्याबरोबर त्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला. बाईंनी बोटं काढली, पाय थांबला. परत चोळली, पाय सुरू.

"बघा जाधवबाई," त्या मला म्हणाल्या. "लूत. किडा कातडीच्या आत बिळं करून राहतो, डोळ्यांना दिसत नाही. कान चोळला की पाय हलतो, म्हणजे जवळजवळ तोच. डॉक्टर कातडी खरवडून काचेखाली बघतील."

जुनी चादर त्याच्यावर टाकून, रिक्षावाल्याशी भांडून, त्या त्याला शास्त्री नगरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी वजन करून गोळ्या दिल्या, ठरावीक दिवसांनी द्यायच्या. पण त्या दिवशी एकदा पकडला गेल्यावर काळ्या शहाणा झाला. परत कुणाच्या हाताला लागेना. त्याचा भरवसा एकाच गोष्टीवर, शनिवारच्या तेलाच्या रोटीवर. तेवढी तो न हुंगता खायचा. म्हणून बाईंनी शनिवार धरला. उजाडताना पारावर जायच्या, रोटीला तेल लावून आत गोळी. त्या कधी देवळात गेलेल्या मी पाहिल्या नाहीत, पण शनिवार चुकवला नाही.

गर्दीची अडचण होईल असं मला वाटलं होतं. झाली नाही, कारण गर्दी आटली. केस गेल्यावर आतली कातडी दिसायला लागली, मळकट गुलाबी आणि राखाडी. एक जण स्कूटर थांबवून बघून म्हणाला, "अब ये काला कहाँ रहा?" आणि रोट्यांचा डबा घेऊन दुसऱ्या कॉलनीत गेला. इतके दिवस ज्याच्यापुढे हात जोडले, त्याला दगड मारायला यांना रंग पुरला. कुणी म्हणालं मागच्या जन्मीचं पाप फुटलंय. बाई म्हणाल्या, "खाज म्हणजे खाज. त्यात पाप आणू नका. औषध आणा."

मग बागेत समितीची बैठक झाली. मुलगा ऑफिसात, सून म्हणाली मी नाही जात, म्हणून आमच्या घरातून मी गेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, आणि विषय एकच, खुजलीवाला कुत्ता. खंडेलवालजींच्या नातीच्या हातावर पुरळ उठलं होतं. ते म्हणाले, "कुत्ते से हुआ है. उसे उठवाना पड़ेगा."

बाई उठल्या, सरळ त्या पोरीजवळ गेल्या आणि तिचा हात उलटा करून पाहिला. "घमौरी है. स्वेटर उतारो इसका." पोरीला मार्चमध्ये लोकरीचा स्वेटर घातला होता. लोक हसले. खंडेलवालजी हसले नाहीत.

"मैडमजी, बात हँसी की नहीं है. एक आदमी है, गाड़ी लेकर आता है, दूर छोड़ आता है."

"गली के कुत्ते को उठाकर फेंक आना मना है. कानून है."

"कानून अपनी जगह, खुजली अपनी जगह."

बाईंनी मग जे केलं ते मी त्यांना दुसऱ्या कुणापुढे करताना पाहिलं नाही. आवाज खाली आणला. म्हणाल्या, "दशहरे तक का समय दीजिए. इलाज चल रहा है. बाल वापस आ जाएँगे."

खंडेलवालजींनी विचार केला. त्यांच्या पंडिताने सांगितलं होतं की कुत्रा शक्यतो एकच ठेवा, बदलू नका. त्यांना काळ्या काळा होऊन हवाच होता. "पहले जैसा काला?"

"पहले जैसा काला."

"ठीक है. काला हो गया तो रहेगा. नहीं हुआ तो गाड़ी आएगी. सबके सामने बात हो गई."

घरी येताना मी बाईंना म्हटलं, "कुत्र्याचा जीव त्याच्या रंगावर लावून आलात."

"मग काय करू? त्यांना तेवढंच दिसतं."

होळी झाली, ऊन चढलं. गोळ्यांनी काम केलं. खाजवणं कमी झालं, कातडी मऊ पडली, मे महिन्यात पाठीवर बारीक काळी लव आली. बाई रोज संध्याकाळी पारावर जाऊन लांबून बघायच्या आणि मला गच्चीत उभी बघून खालून ओरडायच्या, "शेपटीवर आले!" गल्लीतली माणसं वर बघायची, शेपटीवर काय आलं म्हणून. कान चोळला तर पाय अजून हलायचा, पण थोडा. "अजून आहे थोडी," म्हणायच्या. "गोळ्या सोडायच्या नाहीत."

जूनमधल्या एका शनिवारी रोटी घालून त्या शास्त्री नगरला पुढच्या गोळ्या आणायला गेल्या. मी पुढच्या गॅलरीत तांदूळ निवडत होते. खंडेलवालजी आणि त्यांची बायको पाराकडे आले. बायकोच्या हातात रोट्या, त्यांच्या हातात रंगाचा जुना डबा. बायकोने रोटी घातली, काळ्या खायला लागला, आणि खंडेलवालजींनी डब्यातून पळी भरभरून त्याच्या पाठीवर ओतायला सुरुवात केली. काळं, दाट. वास माझ्यापर्यंत आला. गॅरेजातलं जळकं ऑइल, त्यात गंधक.

"अरे, ये क्या कर रहे हो!" मी वरून ओरडले.

"दवाई है माँजी!" त्यांनी वर बघून हसून सांगितलं. "शनिवार को तेल चढ़ गया, और खुजली का इलाज भी. दान का दान, दवा की दवा."

कुत्रा तेलाची रोटी खात होता म्हणून उभा राहिला. ज्या रोटीवर त्याचा भरवसा बसला होता, तीच पुढे धरून. मी जिने उतरून खाली पोचेपर्यंत डबा रिकामा झाला होता. वरून ऊन असं की रस्त्यावर पाय ठेववत नव्हता. काळ्या ओरडत मातीत लोळला, मग अंग चाटायला लागला, मग कुणाच्या तरी गाडीखाली घुसला. मी बाईंना फोन लावला.

त्या आल्या, वास घेतला. गाडीपुढे रस्त्यावर पालथ्या पडल्या आणि हात घालून त्याला ओढून काढला. तो चावला नाही, चावायची ताकद नव्हती.

"जाधवबाई, पाइप!"

पाइप लावला, पण जयपुरात जूनमध्ये टाकीचं पाणी म्हणजे कढत. त्याने अजून भाजलं असतं. मी वर जाऊन माठ उचलून आणला, फ्रिजमधल्या बाटल्या आणल्या. सून म्हणाली, "आई, प्यायचं पाणी!" मी म्हटलं, "मग दुपारी तहानलेली राहा." बादलीत गार-गरम मिसळून दिलं. बाई भांड्यांचा साबण लावून धूत होत्या, परत धूत होत्या, काळं पाणी गटाराकडे जात होतं. कुत्र्याने दोनदा ओकारी काढली. मी त्याला हात लावला नाही. बादल्या भरल्या.

खंडेलवालजी आले. चार माणसं जमली होती, म्हणून आले. "मैडमजी, आप दवाई धो रही हैं."

"ये दवाई नहीं है. ये ज़हर है. चमड़ी जलती है, और चाट-चाटकर पेट में भी जाता है."

"मेरे दादाजी तो हमेशा यही लगाते थे."

"दादाजी ने कुत्ते से पूछा था?"

"देखिए, मैंने तो भला ही किया."

तेव्हा बाई उठल्या. कोपरापर्यंत काळे हात, केसांत फेस. "भला! मैंने भी अपनी बिल्ली का भला ही किया था. मर गई."

"तो वो पाप आपका हुआ," खंडेलवालजी म्हणाले. "हमें क्यों डाँट रही हैं?"

बाई एक पाऊल पुढे आल्या. मला वाटलं, आता या माणसाच्या थोबाडीत बसते. "हाँ, मेरा हुआ," त्या म्हणाल्या. "मैं मानती हूँ. रोज़ मानती हूँ. आप भी बोलिए, मुझसे ग़लती हुई. बस इतना बोलिए."

सगळी गल्ली उभी होती. खंडेलवालजींनी खांद्यावरचा गमछा झटकला. "धर्म का काम किया है, ग़लती कैसी?" आणि बायकोला घेऊन गेले.

माझा राग आहे तो यावर. ऑइल ओतलं हे अडाणीपण झालं, आमच्या गावातही रॉकेल ओतायचे. पण कुत्रा समोर ओकत असताना ज्याच्या तोंडातून चूक झाली एवढं निघत नाही, त्याला शनीची एवढी भीती कशाला?

काळ्याला सलाइन लागलं. दवाखान्यातून आणून बाईंनी त्याला स्वतःच्या न्हाणीघरात ठेवलं. पाठीची कातडी सालीसारखी निघाली. तो पावसाळा बाईंनी त्याच्याशी भांडत काढला. "चाटू नकोस! मेल्या, चाटू नकोस!" असं समोरून दिवसभर ऐकू यायचं. गळ्यात औषधाच्या दुकानातून आणलेलं प्लॅस्टिकचं नरसाळं, ते घालून तो दाराला, बादलीला, बाईंच्या गुडघ्याला आपटत फिरायचा. हळूहळू जखमा भरल्या. केस आले. पंज्यांवर काळे, शेपटीवर काळे, डोक्यावर काळे. पाठीवर जिथे जिथे ऑइलने भाजलं होतं, तिथे पांढरे.

बाईंनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भाजलेल्या जागी केस असे पांढरे येतात, बहुतेक आता असेच राहतील.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेलवालजी समितीची दोन माणसं घेऊन बाईंच्या फाटकाशी आले. काळ्या आत पायरीवर बसला होता, चकचकीत, गुबगुबीत. खाजेचा मागमूस नाही. खंडेलवालजींनी चष्मा पुसून त्याला मागून पुढून पाहिलं.

"ये तो चितकबरा हो गया."

"ठीक हो गया है," बाई म्हणाल्या.

"बात काले की हुई थी, मैडमजी. सबके सामने."

मी माझ्या फाटकाशी उभी होते. मी ओरडले, "वो सफ़ेद किसने किया? तुमने किया!" ते माझ्याकडे वळून म्हणाले, "माँजी, आप बुज़ुर्ग हैं, आप बीच में मत पड़िए." बरोबरची माणसं जमिनीकडे बघत होती. जूनमध्ये तीही तिथे उभी होती.

घरात ठेवायचा म्हटलं तर घरमालक आडवा आला. समितीचाच माणूस तो. कुत्रा नको, नाहीतर घर सोडा. बाईंनी एका वाक्यात उत्तर दिलं. "छोड़ दिया." नेहाने सांगानेरच्या पुढे एक घर शोधून दिलं, अंगण असलेलं, शहरापासून लांब. मी म्हटलं, "बाई, तिथे रात्रीबेरात्री दुखलं-खुपलं तर कोण आहे?"

"इथे कोण होतं?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही होतात. माठ फुटला का तो?"

"नाही. सून आता त्यातलं पाणी पीत नाही."

"मूर्ख आहे," बाई म्हणाल्या.

सामान फारसं नव्हतं. टेम्पो आला तो नेमका शनिवारी सकाळी. पलंग, कपाट, गॅसची शेगडी, माझ्या जुन्या साड्यांचं गाठोडं. कडुलिंबाखाली खंडेलवालजी डबा घेऊन उभे होते. लांबच्या कॉलनीतून कुणीतरी दोरीला बांधून एक काळा कुत्रा आणायचं ठरलं होतं, त्याची वाट बघत होते. नवा कुत्रा अजून आला नव्हता. डब्यातलं तेल त्यांच्या बोटांवरून गळत होतं.

बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या. ड्रायव्हर कुरकुरला, "कुत्ता पीछे बैठेगा." बाई म्हणाल्या, "सामान पीछे बैठता है." काळ्याने उडी मारली आणि त्यांच्या मांडीवर अर्धा चढून बसला, पांढऱ्या ठिपक्यांची पाठ खिडकीकडे. टेम्पो पाराजवळ आला तसा बाईंनी ड्रायव्हरला थांबायला लावलं. मला वाटलं आता तोंड सोडतात. मीही ऐकायला पुढे झाले.

 बाईंनी काच पूर्ण खाली केली, खंडेलवालजींकडे बघत काळ्याचा कान हातात घेतला. हातमोजा नव्हता. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली. परत चोळली.

पाय हलला नाही.